आपल्या गायरानात, माळावर रानजनावरं का घटली (किंवा का वाढली) ते स्वतः कसं तपासायचं: खानापूरपासून अथणीपर्यंतच्या लोकांसाठी

गावात हा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकायला येतात. एक, "आता रानात काय राहिलंच नाही, पूर्वी किती ससे, किती भेकरं दिसायची." दुसरं, "गवे आणि डुकरं इतकी वाढलीत की भात घरात येईना, रताळी तर लावायचीच सोडली." कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही येतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही खरं असतंय. जमीन वापरायची पद्धत बदलली, गुरं चारायची पद्धत बदलली की काही जनावरांचं फावतं आणि काहींचं घरच जातं. सगळी एकदम घटत नाहीत आणि एकदम वाढतही नाहीत.

मग दोष कुणाला द्यायचा म्हटलं की सगळ्यात सोपं माणूस म्हणजे धनगर किंवा गवळी. मेंढरं घेऊन आला, माळ खाऊन गेला, म्हणून ससा गेला. मला हे पटत नाही, निदान मोजल्याशिवाय तरी पटत नाही. किती जनावरं चरली ह्यापेक्षा कधी चरली, कुठं चरली आणि एकाच जागी किती दिवस सलग चरली ह्याला जास्त महत्त्व आहे, आणि माळच नांगरून टाकला किंवा त्याच्यावर नीलगिरी लावली तर मग चराईचा प्रश्न काढून काय उपयोग, तिथं मेंढराला पण काय नाही आणि सशाला पण काय नाही. म्हणून आधी जमीन बघायची, मग बोट दाखवायचं. ते कसं बघायचं एवढंच खाली लिहितोय. पूर्ण एक वर्ष लागतं, पैसे जवळपास लागत नाहीत. वही, टेप, विळा, साधा वजनकाटा, मोबाईल आणि बाभळीचे काटे. बास.

आधी आपण कुठल्या पट्ट्यात आहोत ते ठरवा

आपला बेळगाव जिल्हा एक नाही, तीन आहेत असं धरून चाला. कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा, लोंढा हा पश्चिमेचा पट्टा, हजारोंनी मिलिमीटर पाऊस, दाट झाडी, भीमगड अभयारण्य (२०११ साली झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर), त्याला एका बाजूनं दांडेलीकडचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं आणि दुसऱ्या बाजूनं गोव्यातलं म्हादईचं. इथं गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, कोळसुंदा, बिबट्या, आणि वाघाची ये-जा. मधला पट्टा म्हणजे बेळगाव, हुक्केरी, कित्तूर, बैलहोंगल, जिथं जवळजवळ सगळीच शेती. आणि पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रायबाग, अथणी, जिथं पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि मूळचं रान म्हणजे माळ. गवताचा माळ. तिथं लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, ससा.

हे आधी का ठरवायचं, तर एकच उपाय पश्चिमेला औषध असतो आणि पूर्वेला विष. झाडं लावणं घ्या. जांबोटीकडं तोडलेल्या जागी तिथलीच झाडं परत आली तर भेकराला, सांबराला आडोसा मिळतो. पण अथणीच्या माळावर दाट झाडं लावली की गवत सावलीखाली मरतं आणि मोकळ्यावर राहणारी जनावरं निघून जातात, त्यांना लांबवर दिसायला लागतं, पळायला जागा लागते. हावेरी जिल्ह्यातलं राणेबेन्नूर काळवीट अभयारण्य १९७४ सालचं, तिथं काळवीट आणि माळढोक ह्यांच्यासाठी म्हणून राखलेल्या जागेत नीलगिरीची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, आणि माळढोकासारख्या मोकळ्या माळाच्या पक्ष्याला तिथं जागाच राहिली नाही. आपल्याकडं अजून पण शाळेच्या वनमहोत्सवाला माळावर खड्डे मारतात. माळ म्हणजे पडीक जमीन ही कल्पना आधी डोक्यातनं काढा, मग पुढचं काम सोपं जातं.

जमीन पूर्वी काय होती ते शोधायचं

मोबाईलवर दिशांक ॲप घ्या, सरकारी आहे, उभं राहिलात त्या जागेचा सर्व्हे नंबर दाखवतं. भूमी ह्या सरकारी संकेतस्थळावरनं त्या नंबरचा उतारा बघा, गायरान आहे की फॉरेस्ट आहे की खासगी ते कळतं. मग कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडून जुन्या सालांची चित्रं एकामागून एक बघा, तीच जागा दहा, पंधरा, वीस वर्षांमागं कशी होती. बऱ्याच गावांत हे बघितलं की माणूस गप्प बसतो, कारण गायरान म्हणून कागदावर जेवढं आहे त्याच्या निम्मं सुद्धा जमिनीवर सापडत नाही. कुठं घरं झाली, कुठं खडी क्रशर, कुठं पवनचक्कीचा रस्ता, कुठं शेजाऱ्यानं बांध सरकवत सरकवत ऊस नेला.

आता हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. गावातली गुरं आहेत तेवढीच राहिली आणि गायरान निम्मं झालं, तर उरलेल्या निम्म्यावर चराई दुप्पट होते. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं गुरं फार झाली. गुरं फार झाली नाहीत, जागा गेली. बऱ्याच ठिकाणी तर उलट गुरं कमी झालीत, बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी माळ पूर्वीपेक्षा जास्त खरवडलेला दिसतो, त्याचं कारण हे.

मग म्हातारी माणसं गाठा. त्यांना "पूर्वी जनावरं किती होती" असं विचारू नका, सगळे "लई होती" असंच सांगतात. त्यापेक्षा नेमकं विचारा. गवत कापायला कुठं जायचा? कुमरी (झाडी तोडून-जाळून करायची फिरती शेती) कुठल्या डोंगरावर व्हायची? तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायला टाळ (तोडलेल्या फांद्या) कुठनं आणायचा? लांडग्याची ढोल (पिल्लांचं बीळ) कुठं होती? लांडग्यानं कोकरू उचललं ते शेवटचं कधी? गावात गवताची राखण असायची का, आणि ती कुठल्या सणापर्यंत? ही राखण म्हणजे पावसाळाभर एखादा डोंगर गुरांना बंद ठेवायचा आणि बी झडल्यावर सगळ्यांनी मिळून कापायचं, ही पद्धत जिथं होती तिथं ती कधी मोडली ते साल काढा. माझ्या बघण्यात रानातली जनावरं आणि ही राखण साधारण एकाच काळात मोडलेली दिसतात.

वहीत एक पान प्रत्येक बदलाला द्या. ऊस वाढला तर काय होतं? ऊस म्हणजे दहा-बारा महिने उभं दाट रान, शेजारी पाणी, आत डुक्कर, ससा, कोल्हा, उंदीर, आणि त्यांच्यामागं बिबट्या. म्हणजे ऊसानं बिबट्याला जागा दिली पण गवत हिरावून घेतलं, म्हणून बिबट्या कुत्र्यावर आणि शेळीवर जगायला शिकला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात रेसकोर्स-गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला होता तेव्हा आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवल्या होत्या, सक्रेबैलच्या कॅम्पातनं हत्ती आणून शोध घेतला, आठवत असेल सगळ्यांना. शहराला लागून शेती, शेतीला लागून झाडी, असं सगळं चिकटलं की असंच होणार. काजूचं वेगळं. खानापूर आणि चंदगड बाजूला डोंगराच्या डोंगर काजूखाली गेले, काजूच्या बोंडावर अस्वल येतं, खालचं सगळं साफ केलेलं असतं म्हणून भेकराला लपायला काय नाही. आणि अकेशियाच्या लागवडीत तर शांतताच असते, खाली पानांचा थर, गवत नाही, पाला कुणी खात नाही.

काट्यांचा चौकोन: ह्याच्याशिवाय बाकी सगळं अर्धवट

सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही. मिरगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, गायरानात किंवा माळावर चार-पाच ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या काट्यांनी पक्का बंद करा. गाय-शेळी तोंड घालू शकणार नाही इतका पक्का, शेळी कुठनं पण तोंड घालते म्हणून उंच घ्या. जागा निवडताना सोयीची निवडू नका, एक गावाजवळ, एक पाण्याजवळ, एक लांब, एक चढावर. आधी पंचायतीत आणि गुराख्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यात काटे चुलीत जातात. गुराख्याच्या पोरालाच राखण दिली तर सगळ्यात चांगलं.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान गवत पिकलं की आतल्या चौकोनात मधलं एक मीटर बाय एक मीटर मापून जमिनीलगत कापा, कडेचं सोडा. मग चौकोनाच्या बाहेर पाच-दहा पावलांवर तसंच एक मीटर बाय एक मीटर कापा. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून, कडक उन्हात वाळवून वजन करा. आतलं वजन म्हणजे जमीन किती देऊ शकते. बाहेरचं म्हणजे चरून किती उरलं.

हिशोब सोपा आहे. एका चौरस मीटरला जितके ग्रॅम, त्याला दहानं गुणलं की हेक्टरी तितके किलो. समजा आत २०० ग्रॅम निघालं तर हेक्टरी २००० किलो, म्हणजे एकरी ८००. त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असं धरा, कारण बी त्यातनंच पडतं, मुळं त्याच्यावरच जगतात, माती धरून राहते, आणि ससा, उंदीर, त्यांच्यामागचं खोकड हे सगळे त्या निम्म्यावर आहेत. गावठी गाय वाळल्या चाऱ्याच्या हिशोबानं दिवसाला सहा-सात किलो खाते, म्हैस दहाच्या आसपास, मेंढी-शेळी साधारण एक किलो. आता ४० एकर गायरान असेल तर एकूण ३२,००० किलो, निम्मं म्हणजे १६,०००. गावात १०० गाई रोज तिथंच जात असतील तर दिवसाला ६५० किलो. पंचवीस दिवसात खलास! आणि आपण त्यांना तिथं वर्षभर सोडतो. हा आकडा गावसभेत मांडला की चर्चा एकदम बदलते, कारण इथं रानजनावराचा विषयच येत नाही, स्वतःच्या गाईचा येतो.

वजनाबरोबर गवत कुठलं आहे ते पण लिहा. पवना, मारवेल असं गुरांना आवडणारं गवत फक्त चौकोनात आणि काट्याकुट्यातच दिसत असेल आणि बाहेर सगळी कुसळी, गाजरगवत, तरोटा, घाणेरी असेल तर समजायचं की ह्या जागेवर लई वर्षं सलग ताण आहे. पश्चिमेला गवताऐवजी रोपं मोजा. चौकोनात किंजळ, नाणा, जांभूळ ह्यांची रोपं वर येतात आणि बाहेर नुसती रानमोडी (गुरं खात नाहीत असं माजणारं झुडूप), तर समजायचं की कोवळा पाला गुरं खातायत किंवा टाळ फार तुटतोय, आणि सांबर-भेकर ज्या उंचीचा पाला खातात ती उंचीच रिकामी आहे.

जनावरांच्या खुणा मोजायच्या, जनावरं नाही

जनावर दिसलं तरच आहे असं धरलं तर वर्षभर काय हाताला लागत नाही. खुणा मोजा. गायरानातनं, बांधावरनं, गाडीवाटेनं अशी एक-एक किलोमीटरची वाट ठरवा, दोन-तीन पुरेत, आणि महिन्यातनं एकदा पहाटे उजाडताना त्याच वाटेनं चाला. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरायचं नाही, कॅमेरा तर अजिबात लावायचा नाही. आपलं काम गावाच्या हद्दीतच आहे आणि तिथंच सगळ्यात जास्त कळतं.

सशाच्या लेंड्या गोल-चपट्या, गवती रंगाच्या, मोकळ्या जागेत सापडतात. चौसिंगा एकाच जागी परत परत लेंड्या टाकतो, तो ढीग सापडला की फोटो काढा आणि जपून ठेवा, कारण चौसिंगा म्हणजे त्या रानात उंच गवत आणि पाणी अजून शिल्लक आहे. कोल्ह्या-लांडग्याची विष्ठा वाटेच्या मधोमध, फाट्यावर, त्यात केस आणि हाडांचे तुकडे. उदमांजर दगडावर बिया टाकून जातं. साळिंदराचा काटा, डुकरानं उकरलेलं, अस्वलानं फोडलेलं वारूळ. गव्याचं शेण आणि म्हशीचं शेण ह्यात गोंधळ होतो, बाजूचे खूर बघा, तरी कळलं नाही तर "नक्की नाही" असं लिहा, अंदाजानं भरू नका. त्याच वाटेवर गाई-शेळ्या-मेंढ्यांच्या खुणा आणि कुत्र्याचे पाय पण मोजा. कुत्र्याचे पाय विसरायचेच नाहीत.

तीन-चार महिन्यांनी चित्र दिसायला लागतं. डुक्कर आणि कोल्हा सगळीकडं, ससा फक्त काटेरी कुंपणाच्या आत, भेकर पाणवठ्यापासून लांब: असं असेल तर चराईचा आणि कुत्र्यांचा ताण आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळी चराई वाईट असं निघणार नाही. खोकडाला आणि काळविटाला आखूड गवत चालतं, उलट आवडतं. माळ पूर्ण बंद करून टाकला आणि त्यात घाणेरी नाहीतर वेडी बाभूळ माजली तर ती जनावरं जातात. मेंढरं येऊन आठवडाभर बसली आणि पुढं गेली, ह्यानं माळाचं बिघडत नाही. तीच चार गुरं त्याच तुकड्यावर जूनपासून मेपर्यंत रोज, ह्यानं बिघडतं.

धनगराशी, गवळ्याशी बसून बोला

वाडा (मेंढरांसकट फिरणारं धनगराचं बिऱ्हाड) कुठनं आला, कुठं चाललाय, पूर्वी ह्या गावात किती दिवस थांबायचे आणि आता किती, हे धनगर मामांना विचारा. पूर्वी जोंधळ्याच्या, शेंगांच्या रानात काढणीनंतर मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं, त्यांना धान्य मिळायचं. आता ऊस वर्षभर उभा, मेंढरं बसवायला मोकळं रानच नाही, म्हणून तीच मेंढरं उरल्यासुरल्या माळावर आणि जंगलाच्या कडेला जास्त दिवस राहतात. म्हणजे ऊस वाढल्याचा ताण सशाच्या माळावर येतो, मधे मेंढरं फक्त निरोप पोचवतात. असंच एक उदाहरण बंडीपूरकडं अभ्यासकांनी नोंदलंय: तिथल्या गावांत गुरांचं शेण कॉफीच्या मळ्यांना विकलं जायचं, कॉफीला भाव आला की शेणाला मागणी वाढायची आणि जंगलात चरणारी गुरं पण. परदेशातला कॉफीचा भाव आणि गव्याच्या वाट्याचं गवत ह्यांचा संबंध असतो हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

लांडग्याबद्दल धनगराइतकं कुणाला कळत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात ढोलीत पिल्लं असतात, त्या महिन्यांत माळावर जेसीबी, नांगर, वणवा काही होऊ न देणं ही सगळ्यात मोठी मदत. बरेच धनगर लांडग्याला शत्रू म्हणत नाहीत, एखादं कोकरू त्याचं असतंय म्हणतात. पण रात्री वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) नीट लावलेली, कुत्री चांगली, आणि नुकसानीचा अर्ज करायला कुणीतरी शिकलेला पोरगा बरोबर, हे असेल तरच तो मोठेपणा टिकतो. फिरत्या माणसाला पंचनामा करून घेणं फार अवघड जातं. तुम्ही शिकलेले असाल तर हे काम तुमचं: मेलेलं जनावर हलवायचं नाही, फोटो, त्याच दिवशी फॉरेस्ट गार्डला कळवायचं, पशुवैद्याचा दाखला, आरएफओ (परिक्षेत्र वन अधिकारी) ऑफिसात अर्ज आणि पोच.

कारण भरपाई वेळेत मिळाली नाही की पुढं काय होतं ते आपण दोन्ही बाजूंनी बघितलंय. २०२० च्या जानेवारीत आपल्या डोंगरापलीकडं, गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले, गुरं मारली म्हणून. २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या दुसऱ्या टोकाला मले महादेश्वर डोंगरात वाघीण आणि चार बछडे, तसंच, मेलेल्या गाईत विष. त्यानंतर राज्यात जंगलातली चराईच बंद करायची भाषा सुरू झाली. मला वाईट दोन्हीचं वाटतं. वाघ गेले, आणि आता शिक्षा ज्यांनी काय केलं नाही त्या गवळ्यांना.

रोग आणि कुत्री

हा भाग लोक सोडून देतात, म्हणून वेगळा लिहितोय. पाळीव गुरांचा रोग रानात जातो. बुळकांडीनं पूर्वी देशभर गवे मेले, १९६८ च्या सुमाराला मुदुमलई-बंडीपूर भागात तर फारच, तो रोग लसीकरणानंच संपला आणि २०११ साली जगातनं गेल्याचं जाहीर झालं. लाळ-खुरकूत मात्र आहे, आणि गाईचा आणि गव्याचा पाणवठा एकच असेल तर ती इकडनं तिकडं जाते. २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात घटसर्पानं काही दिवसांत तिथली बहुतेक काळविटं दगावली, घटसर्प हा आपल्या गोठ्यातला ओळखीचाच रोग आहे. म्हणून जंगलाकडेच्या गावात लस चुकवायची नाही. लाळ-खुरकूतची सरकारी लस वर्षातनं दोनदा फुकट मिळते, घटसर्पाची पावसाळ्याआधी. आपली गाय पण वाचते, गवा पण.

कुत्री: मोकाट कुत्री सशाला, भेकराच्या पिल्लाला धरतात, खोकडाची ढोल उकरतात, डिस्टेंपर आणि पिसाळ पसरवतात. पुण्याकडच्या माळावर लांडगा आणि कुत्रा ह्यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय, म्हणजे लांडगा आहे तिथं सुद्धा लांडगा राहील का हा प्रश्न आहे. कोंबडीच्या दुकानाची घाण आणि मेलेली गुरं माळावर टाकायची बंद केली तर कुत्र्यांची संख्या आपोआप आवरते. हे पंचायतीचं काम आहे, पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) लेखी द्या.

आकडे हातात आले, आता बदलायचं काय

सगळं गायरान बंद करा असं कधीच म्हणू नका, पहिल्याच सभेत संपेल. तीन तुकडे करा. एक तुकडा मिरगापासून दिवाळीपर्यंत बंद, बी झडलं की विळ्यानं कापून आणायचं, गुरं मग सोडायची. पुढल्या वर्षी दुसरा तुकडा. बंद तुकडा शक्यतो जंगलाच्या किंवा ओढ्याच्या बाजूचा निवडा. हिमाचलात स्पितीमधल्या किब्बर गावानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या कुरणाचा थोडा भाग गुरांना बंद ठेवला, आणि काही वर्षांत तिथं भरल म्हणजे निळी मेंढी चांगलीच वाढली. गावानं स्वतः ठरवलं म्हणून टिकलं, वरनं आदेश आला म्हणून नाही. कर्नाटकात सुद्धा जिथं जंगलातली गुरं कमी झाली तिथं गवे परतल्याची नोंद आहे.

वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आग लावली की कोवळं फुटतं हे खरं, पण ते थोडे दिवसच, आणि त्यात जमिनीवर पडून राहणारी पिल्लं, खवले मांजर, ससे भाजतात, आणि बी जळून दरवर्षी कुसळीच जास्त येते. जाळायच्या आधी कापून आणा, आणि जंगलाच्या बाजूनं दहा फुटाची पट्टी साफ ठेवा.

कुंपण: लाईनवर आकडा टाकून तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं आणि गुरं पण मरतात. झटका मशीनच लावा, ते पण रताळी-भात एवढ्यापुरतंच, सगळ्या डोंगराला नाही. माळावर तारेचं कुंपण घालणाऱ्याला सांगा की खालची तार फूट-दीड फूट वर ठेव, खोकड आणि ससा खालनं जातो.

पाणी. गुरांचा हौद गावाजवळ बांधा, डोंगरातलं झऱ्याचं पाणी संध्याकाळनंतर रिकामं राहील एवढं बघा. तेवढ्यानं पण फरक पडतो, कारण बरीच रानजनावरं दिवसभर गुरं-माणसं असतील तिथं रात्रीच येतात, आणि रात्री पण कुत्री असतील तर येतच नाहीत.

कागदावर आणायचं असेल तर दोन वाटा आहेत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला पाहिजे, बहुतेक गावांत ती फक्त फायलीत आहे, पण तिची लोकजैवविविधता नोंदवही असते, तुमच्या चौकोनांची वजनं आणि खुणांची वही त्यात जोडायला लावा. दुसरी वाट वनहक्क कायदा २००६, त्यात चराईचा हक्क पण आहे, फिरत्या पशुपालकांचा सुद्धा, आणि गावाला आपलं जंगल राखायचा हक्क पण आहे. दोन्ही एकाच कायद्यात आहेत हे मुद्दाम सांगतो, कारण सभेत कुणीतरी उठून "चराई पाहिजे की वाघ पाहिजे" असं विचारतोच.

आणि लहान जनावरं विसरू नका. जांबोटी-भीमगडच्या डोंगरात बारापेडे गुहेत राहणारं एक वटवाघूळ आहे, १९१३ साली शास्त्रात नोंद झालेलं, कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होतं. त्याला गवत नको, पाला नको, गुहेत माणसांनी दंगा, धूर करू नये आणि डोंगर खणू नये एवढंच पाहिजे. वटवाघूळ पण आपल्यासारखं दूध पाजणारं जनावर आहे, यादीत त्याला पण एक ओळ द्या.

दुसऱ्या वर्षी तेच चौकोन, त्याच वाटा, तेच महिने. जागा बदलली की तुलना संपली. वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षीचा पाऊस लिहून ठेवा, जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा तालुक्यातनं मिळतो, कारण कमी पावसाच्या वर्षात आतलं आणि बाहेरचं दोन्ही वजन पडतं आणि लोक लगेच म्हणतात बंद ठेवून काय उपयोग झाला. त्यांना आतल्या आणि बाहेरच्या वजनातला फरक दाखवा, नुसतं वजन नाही. आणि काटे उन्हाळ्यातच नवे घाला, जुने पावसात कुजतात आणि शेळ्या पहिल्या आठवड्यातच आत शिरतात.